धोंडाबाईचा कान

दुपारची खिचडी संपली, ताटल्या धुऊन पालथ्या पडल्या, की धोंडाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्याशी बसायची आणि पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. पुढं येईल त्यानं दोन्ही पंजे तिच्यासमोर पसरायचे. ती एकेका बोटाला आपल्या अंगठ्यानं शिवायची, कसलीही घाई न करता, आणि शेवटी विचारायची, "किती?"

"धा!"

"जा."

मग पुढचं पोर. पहिली ते चौथीची मिळून बत्तीस पोरं, आणि रोज बत्तीस वेळा तोच प्रश्न. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हे पाहून शेरेबुकात लिहिलं होतं की नखं तपासण्याची सवय कौतुकास्पद आहे. धोंडाबाईनं जन्मात कुणाची नखं तपासली नव्हती. ती बोटं मोजत होती.

तिची स्वतःची आठच होती. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. नवं पोर शाळेत आलं की आठवड्याच्या आत विचारायचंच, "मावशी, तुझी दोन कुठं हायत?"

"बारामतीला ऱ्हायलीत," ती सांगायची. "येताना गडबड झाली."

ते खोटंही नव्हतं. पणदऱ्याच्या शिवारातल्या या वस्तीवर ती माहेरी परत आली ती पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याआधीची चोवीस वर्षं बारामतीतल्या एका लाकडाच्या वखारीत गेली. नवरा गंगाराम मशीनच्या पुढून ओंडका सारायचा आणि ती मागून, करवतीतून बाहेर येणारी फळी धरायची. फळी ओढायची नाही आणि सोडायचीही नाही. करवत जेवढी देईल तेवढीच घ्यायची. गंगाराम काविळीनं गेला, तरी तिनं मागची जागा सोडली नाही. मग एके दिवशी चिंचेचं एक जुनं खोड आलं. कधीकाळी कुणीतरी अंगातली बाधा उतरवायला त्या झाडाला खिळा ठोकलेला होता. झाडानं तो गिळला, वर साल धरली, आणि साठ-सत्तर वर्षं तो पोटात सांभाळला. करवत त्या खिळ्यावर आली आणि तुटली. पुढचं धोंडाबाई कधी सांगत नसे. शाळेतल्या पोरांना एवढंच सांगायची, की जित्या झाडाला खिळा ठोकू नये, झाड विसरत नाही.

वखारीनं तिला आणखी एक गोष्ट दिली होती. लाकूड तिला डोळे मिटून ओळखू यायचं. चिंच जड आणि थंड. बाभूळ हातात घेतली की हट्टी वाटते. आंब्याचं लाकूड गरीब, खिळा मारला तरी कुरकुरत नाही. शेवगा म्हणजे लाकूडच नव्हे, पाण्यानं फुगलेला कागद. आणि सगळ्यांत मोठं ज्ञान कानाचं. गिऱ्हाईक ओंडका घेऊन आलं की मालक हाक मारायचे, "धोंडाबाई, बघा जरा." ती लाकडी मोगरीनं दोन ठोके द्यायची आणि सांगायची, भरीव की पोकळ, कुठून कुठवर. मशीनच्या बाजूचा तिचा उजवा कान हळूहळू गेला होता, हे तिला ठाऊक होतं. डावा शाबूत आहे, अशी तिची खात्री होती. ती खात्री तपासून पाहायची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

शाळेत ती आली ती स्वयंपाकाला. तेव्हा गॅस नव्हता, सरपणावरच खिचडी शिजायची. पोरं चुलीभोवती घोटाळायची आणि धोंडाबाई त्यांच्या नाकापुढं ढलप्या धरायची. "हुंग. काय हाय?" कुणी म्हणायचं कडू, कुणी म्हणायचं औषधासारखं. "लिंब. आता ह्यो हुंग." शिक्षिका राजलक्ष्मी मॅडम वर्गाच्या दारातून हे बघत. पुढं शनिवारी दप्तराविना शाळा भरवायची असं ठरलं, तेव्हा खेळ, गाणी, चित्रं झाल्यावर मॅडम स्वयंपाकखोलीत आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एक तास तुम्ही घ्या."

"मी? मला सही पण धड येत न्हाय, मॅडम."

"सही मी करते. तुम्ही लाकूड शिकवा."

तेव्हापासून शनिवारचा तास लिंबाखाली भरू लागला. शाळेच्या अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं. वस्तीवर त्याला नुसतं लिंब म्हणत. त्याच्या सावलीत पोरं जेवायची, तिथंच लाकूड शिकायची. चारी बाजूंना ऊस. बांधावरची झाडं केव्हाच गेलेली. पोरांना उसाच्या जाती पाठ, पण बाभळीचं पान कुठलं आणि चिंचेचं कुठलं, हे सांगता येईना. धोंडाबाईनं पहिल्याच तासाला सांगून टाकलं, की ऊस काही झाड नव्हे, ते गवत. पहिलीतला यशराज, ज्याचे आजोबा आप्पासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष आणि वस्तीवरचे मोठे बागायतदार, तो उठून उभाच राहिला.

"आमचा आज्जा गवत लावतो व्हय?"

"व्हय. पर ग्वाड गवत."

सोमवारी आप्पासाहेब स्वतः आले. "धोंडे, पोरगं घरी जाऊन मला गवताळ म्हणतंय." दोघंही हसले. ती दोघं एकाच वयाची, एकाच बांधावर वाढलेली.

पोरं कानस चालवायला शिकली, पॉलिश पेपर घासायला शिकली, आणि तिसरी-चौथीची पोरं लहान करवतीनं काठी कापू लागली. प्रत्येकानं दप्तर टांगायला आपापली खुंटी केली. काही खुंट्या इतक्या वाकड्या, की दप्तर घसरून खाली. धोंडाबाई त्या बदलू देत नसे. पोरांच्या हाती करवत गेली तेव्हाच बोटांची मोजणी सुरू झाली, आधी शनिवारी, मग रोज.

सगळ्यांत पुढं होती साक्षी. तिसरीतली, किडकिडीत, फार न बोलणारी. तिचा कान असा, की मोगरीच्या दुसऱ्या ठोक्याची तिला गरजच पडायची नाही. धोंडाबाई चार तुकडे मांडायची, त्यातला एक आतून कोरलेला. साक्षी पाठ करून बसायची आणि ठोका ऐकूनच सांगायची, "तिसरा." धोंडाबाई तोंडानं कौतुक करत नसे. तिला वाढताना मात्र पळीभर खिचडी जास्त पडायची.

त्या वर्षी मे महिन्यात वावटळ सुटली आणि लिंबाची एक मोठी फांदी तुटून अंगणात पडली. सुट्टी होती म्हणून बरं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फांदीच्या जागी खोडाला काळं तोंड उघडलेलं दिसलं, आत भुसा. बत्तीस पोरं रोज त्याखाली बसत होती. समितीची बैठक झाली. झाड आप्पासाहेबांच्या वडिलांनी लावलेलं, त्यामुळं तोडा म्हणायची कुणाची छाती होईना, आणि राहू द्या म्हणायचीही. शेवटी आप्पासाहेबच म्हणाले, "धोंडाबाईला बोलवा. ती ठोकून सांगंल ते खरं."

ती मोगरी घेऊन आली. पोरं मागं उभी. तिनं फांदीच्या तोंडाखाली ठोका दिला, मग हातभर खाली, मग कमरेशी, मग बुंध्याला. डावा कान खोडाला लावून पुन्हा दोन ठोके.

"पोकळ हाय," ती म्हणाली. "बुंध्यापतूर."

साक्षी हळूच पुढं झाली होती. "मावशी, मला भरीव वाटतंय. वर तेवढं पोकळ हाय."

"तुझा कान अजून कवळा हाय."

"पर मावशी..."

"गप."

समितीनं ठराव केला, अर्ज गेला, परवानगी आली. तोवर पोरं व्हरांड्यात जेवत होती. तोडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शाळा सुटायच्या आत धोंडाबाईनं पोरांना लिंबाजवळ नेलं. वखारीत येणारे जुने लाकूडतोडे करत ते तिनं त्यांना करायला लावलं. बुंध्याला हळदकुंकू, मूठभर तांदूळ, आणि तिथंच टेकून ठेवलेली कुऱ्हाड. मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "कोण ऱ्हात आसंल त्यानं आजची रात ऱ्हावा, उद्या दुसरं घर बघावा. आमच्यावर राग धरू नगा." यशराजनं हात जोडून खारींना वेगळं सांगितलं, की आमच्या गोठ्यावर जागा आहे. साक्षी मात्र ते म्हणाली नाही. ती मागं उभी राहून झाडाकडं बघत होती.

रविवारी समाधान मशीन घेऊन आला. तो गावोगाव झाडं उतरवायचा. दोर बांधले, फांद्या उतरवल्या, आणि अकराच्या सुमाराला खोड आडवं पडलं. जमीन हलली. धूळ बसायला वेळ लागला. मग समाधान बुंध्याकडं गेला आणि तिथंच थबकला.

"मावशी," तो म्हणाला, "हिकडं या की."

बुंधा लालसर, ओला, घट्ट. काठापासून गाभ्यापर्यंत एक चीर नाही, एक भोक नाही. वर्तुळं दाट, एकाला एक लागून. समाधाननं वरच्या फांदीचं तोंड कापून दाखवलं. किडलेलं होतं ते तिथंच, कोपरभर खोल.

"अजून पन्नास वर्सं हलला नसता गडी," समाधान म्हणाला. "कुणी सांगितलं पोकळ म्हून?"

आप्पासाहेब बुंध्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी हात लावला, काढला. "आमच्या बापानं लावलेलं," एवढंच म्हणाले, आणि उठून घराकडं चालायला लागले. त्यांनी धोंडाबाईकडं पाहिलंही नाही. शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं.

सगळे पांगल्यावर ती मोगरी घेऊन आडव्या खोडापाशी गेली. एक ठोका दिला. मग त्या किडक्या फांदीला दिला. पुन्हा खोडाला, पुन्हा फांदीला. उजवा कान हातानं झाकून, मग डावा झाकून. दोन्ही आवाज तिला सारखेच येत होते. कुठूनतरी लांबून, गोणपाटात गुंडाळल्यासारखे. तेव्हा तिला एकेक आठवत गेलं. पोरं मागून हाक मारायची आणि तिला पदर ओढल्यावरच कळायचं. पातेल्यावरचं झाकण थडथडायचं ते तिला दिसायचं, ऐकू यायचं नाही. शनिवारी कोरलेला तुकडा कुठला हे तिला ठाऊक असायचं, कारण मांडायची तीच. कितीतरी वर्षं ती आठवणीनंच ऐकत होती.

राजलक्ष्मी मॅडम जवळ आल्या. त्यांनाही कळलं होतं. त्या तिच्या शेजारी खोडावर बसल्या आणि तोंड तिच्यासमोर धरून, मोठ्यानं म्हणाल्या, "मावशी, पोरांना आपण सांगू या, आतून कीड होती. लहान आहेत. त्यांना काय कळतंय?"

"मॅडम, ती ठोकून बघत्याल की," धोंडाबाई म्हणाली. "मीच शिकवलंय."

सोमवारी प्रार्थना झाल्यावर तिनं पोरांना बुंध्याभोवती बसवलं. एरवी ती बसून बोलायची, त्या दिवशी उभी राहिली.

"लिंब भरीव हुता," ती म्हणाली. "माझा कान गेलाय. कवाच गेलाय, पर मला म्हाईत नव्हतं. साक्षीनं बरूबर सांगितलं हुतं, मी तिला गप केलं. माझ्यामुळं झाड गेलं."

मग यशराजनं विचारलं, "मंग आता पुन्हा जोडायचं का?"

"जुडत न्हाय, बाबा."

"डिंकानं पण न्हाय?"

"न्हाय."

तिनं मोगरी साक्षीपुढं धरली. "हितून पुढं ठोका तुझा. मी नुसतं इचारणार."

साक्षीनं हात मागं नेले. "मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "तू आईकलंच न्हाय." मग ती उठून वर्गात गेली. मोगरी धोंडाबाईच्या हातातच राहिली. त्या दुपारी रांगेत एकतीस पोरांनी हात पुढं केले. साक्षी ताटली धुऊन सरळ आत गेली. दुसऱ्या दिवशीही, आणि पुढचे कित्येक दिवस. मॅडम म्हणाल्या, मी समजावते तिला. तर धोंडाबाई म्हणाली, "नगा. खरं बोलून गप बसावं लागलंय तिला. आता तिला पायजे तवर गप बसू द्या."

खोड वीटभट्टीला द्यायचं समितीनं जवळजवळ नक्की केलं होतं. धोंडाबाई आप्पासाहेबांच्या दारात गेली. ते ओट्यावर पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"खोड भट्टीला देऊ नगा, आप्पा. फळ्या पाडू. पोरांना जेवायला पाट व्हतील."

"सावली घालवली आन आता पाट करती व्हय?"

"व्हय," ती म्हणाली. "दुसरं काय करता येतंय मला?"

त्यांनी पेपराचं पान उलटलं. मग ते म्हणाले, "ट्रॅक्टर सकाळी येईल."

ती ट्रॉलीतच बसून बारामतीला गेली. बोटं गेली त्या दिवसानंतर ती वखारीत पाऊल टाकत होती ती आत्ता. मशीन तेच, जागा तीच; मागं एक तरुण बाई फळी धरायला उभी होती. धोंडाबाई मशीनच्या आवाजात तिला काही सांगू पाहत होती, पण त्या बाईला ऐकू येईना. शेवटी तिनं आपला डावा हात तिच्यासमोर धरला. ती बाई एक पाऊल मागं सरकून उभी राहिली. मग लिंबाच्या फळ्या पडल्या, लाल, कडवट वासाच्या. ओंडक्यावर ओंडका गेला आणि धोंडाबाई शेवटपर्यंत तिथं उभी होती.

फळ्या शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीपासून हातभर लांब, मधे काठ्या घालून रचल्या. लिंब वाकतो, दोन उन्हाळे सावलीत सुकल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे तिनं पोरांना बजावलं. दर शनिवारी फळ्या पालथ्या करायच्या, खालची वर, वरची खाली. एक फळी दोघांनी उचलायची. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी यशराजला जोडीदार मिळेना, तेव्हा साक्षी उठली आणि तिनं फळीचं दुसरं टोक धरलं. पुढच्या शनिवारीही धरलं. मोगरीला ती हात लावत नव्हती. बोटांच्या टोकांनी फळीवर टकटक करायची, मान एका बाजूला कलती करून, आणि पुढच्या फळीकडं जायची. धोंडाबाई ते लांबून बघायची. विचारायची नाही.

असा एक उन्हाळा गेला. साक्षी चौथीत गेली. आप्पासाहेबांनी बुंध्याच्या शेजारी लिंबाचं रोप लावलं आणि त्याला काट्यांचं कुंपण केलं. पाणी घालायला मात्र ते स्वतः येत, सकाळी, शाळा भरायच्या आधी. धोंडाबाई तेव्हा डाळ-तांदूळ निवडत असायची. दोघं एकमेकांना राम राम करत, त्यापलीकडं काही नाही.

थंडीत तिला दम लागू लागला. दवाखान्यात हृदय मोठं झालंय म्हणाले, जड उचलू नका म्हणाले. खिचडीचं पातेलं मग मॅडम आणि ती मिळून उतरवू लागल्या. सुट्टी घ्या म्हटलं तर ती फळ्यांकडं बोट दाखवायची. अजून एक उन्हाळा बाकी होता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ती आपल्या घरी चुलीपुढं बसल्या जागी गेली. सोमवारी शाळा भरली नाही. आप्पासाहेब तिच्या मयतीत शेवटपर्यंत होते. लाकडं रचताना त्यांनी स्वतः एकेक उचलून पाहिलं आणि त्यातलं लिंबाचं बाजूला काढून ठेवलं. फळ्या तशाच व्हरांड्यात राहिल्या. पुढचा उन्हाळा त्यांच्यावरून गेल्यावर मॅडमनी सुतार बोलावला, पण ते नंतरचं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, फळ्या पालथ्या करायचं काम नेहमीसारखं झालं होतं. पोरं हात झटकत निघाली. साक्षी एकटी मागं राहिली. तळाच्या एका फळीवर तिनं बोटांनी टकटक केली, मग खिडकीत पडलेली मोगरी उचलली आणि एक ठोका दिला. ऐकलं. धोंडाबाई पळी हातात धरून दारात उभी होती.

साक्षी तिच्यासमोर येऊन उभी राहिली, तिला ओठ दिसतील अशी. "मावशी, ही अजून ओली हाय. मधोमध."

"नक्की?"

"व्हय."

धोंडाबाईनं फळीकडं पाहिलं. तिनं ठोकून बघितलं नाही.

"मंग वर ठिव तिला, वारं लागंल," ती म्हणाली. "आन हात धुवून ये, खिचडी निवाय लागलीया."